सात उन्हांच्या साली

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरात ऊन दोन प्रकारचं असतं. घरात मराठीतलं आणि बाहेर हिंदीतलं. मराठीतलं ऊन अंगणात पडतं. हिंदीतलं ऊन मेंढीच्या अंगावर उगवतं आणि त्याचे स्वेटर होतात. लहानपणी मला हा फरक ठाऊक नव्हता. हिंदीच्या पुस्तकातलं 'भेड़ हमें ऊन देती है' हे वाक्य मी घरी मोठमोठ्यानं घोकत होते, तेव्हा ज्वारी निवडणारी आत्या थांबली आणि म्हणाली, "मेंढी ऊन देते? मंग सूर्य काय करते व?" सगळं घर हसलं, मीही हसले. पुढं याच शब्दाच्या आडोशाला उभं राहून मी आत्याशी खोटं बोलणार होते, हे तेव्हा मला कुठून कळणार?

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. मोहगावला तिचं सासर होतं, पण ती तिथं वर्षभरही नांदली नाही. पत्र्याची एक पेटी घेऊन परत आली ती कायमचीच. का आली, हे घरात कोणी विचारत नसे आणि तीही सांगत नसे. वडील शाळेत मास्तर होते, आम्ही तीन भावंडं, आई, आणि दिवसभर राबणारी आत्या. तिच्या राबण्याला आमच्या घरात 'मदत' म्हणत. लोणचं आईचं, पापड आईचे, वड्या आईच्या, आणि आत्यानं मदत केली. मीही तसंच म्हणत असे. मोठं होईपर्यंत त्यात काही चुकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही.

ऐंशीनंतरची ती तीन-चार वर्षं. मी अकरावीत होते. इंग्रजीच्या सरांनी एक दिवस वर्गात चिठ्ठ्या वाटल्या. त्यांवर परदेशातल्या मुलामुलींचे पत्ते होते. पत्रमैत्री केली की इंग्रजी सुधारतं, असं सरांचं म्हणणं. मला नॉर्वे नावाचा देश आला आणि एक मुलगी आली. तिचं आडनाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. मी शब्दकोश मांडीवर घेऊन पहिलं पत्र लिहिलं. पुष्कळ दिवस वाट पाहायला लावून एक निळसर पाकीट आलं. पाकिटात एक फोटो होता.

फोटोत काळंभोर पाणी होतं. पाण्याच्या दोन्ही बाजूंना सरळ उभे डोंगर, इतके उभे की झाडांनी तिथं पाय कसा रोवला असेल, असं वाटावं. आणि एका डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याला चिकटून, दहा-बारा पांढरी-तांबडी घरं. ते तिचं गाव. गावाला सडक नव्हती. आठवड्यातून दोनदा बोट यायची. ती पीठ आणायची, पेपर आणायची, टपाल आणायची. चर्च आणि स्मशान पलीकडच्या काठाला, त्यामुळं लग्नाला आणि शेवटच्या प्रवासालाही बोटीतूनच जायचं.

"हे तळं हाये का नदी?" आत्यानं विचारलं.

मी म्हटलं, दोन्ही नाही, समुद्र आहे. डोंगराच्या फटीतून समुद्र कोसच्या कोस आत शिरलाय, त्याला फियॉर्ड म्हणतात. आत्यानं फोटो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"म्हंजे समुद्राची गल्ली," ती म्हणाली. आमच्या घरात मग त्या गावाचं नाव गल्लीच पडलं. गल्लीतून पत्र आलं का, गल्लीत बर्फ पडलं का, असं आई मला चिडवायची.

पत्रं येत गेली. ती मुलगी लिहायची फार छान, तिचं इंग्रजीही माझ्यासारखंच शिकलेलं, त्यामुळं मला समजायचं. घरामागं धबधबा होता. थंडीत तो गोठायचा आणि त्याचा आवाज थांबायचा, त्या शांततेनं तिला झोपेतून जाग यायची. जमीन कायम ओली, म्हणून गवत कापलं की ते तारांवर वाळत घालायचे, आपण धोतर-लुगडी घालतो तसं. हे ऐकून आत्या खूश झाली. वसंतात वरून बर्फाचा कडा सुटायचा, पाण्यात कोसळायचा आणि लाट येऊन धक्क्यावरच्या बोटी हलवायची. तिची आजी तिच्याजवळ राहायची. आजी मेंढ्या राखायची, विणायची, आणि बोटीच्या दिवशी धक्क्यावर उतरून टपाल स्वतः घ्यायची, दुसऱ्या कोणाला घेऊ द्यायची नाही.

तिसऱ्या की चौथ्या पत्रात उन्हाची गोष्ट आली. दिवाळीच्या सुमारास त्यांचं ऊन जायचं. दक्षिणेचा डोंगर इतका उंच की सूर्य त्याच्या मागूनच चालायचा. उजेड असायचा, आभाळ निळं असायचं, समोरच्या माथ्यावर सोनेरी ऊन दिसायचं, पण गावात ते उतरायचं नाही. असे तीन महिने. मग फेब्रुवारीत एक दिवस डोंगराच्या खाचेतून ऊन आत यायचं, ते आधी आजीच्या खिडकीत पडायचं. त्या दिवशी शाळेला सुट्टी आणि घरोघर गोड पाव.

वडील म्हणाले, त्यात काय, आपल्या पातालकोटच्या दरीतही ऊन दुपारी उतरतं आणि लगेच निघून जातं. आत्याचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं.

"दिसते, पण भेटत नाही," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "तीन महिने त्या गावाले कोनी ऊन दाखवत नाही काय व?"

आमच्याकडं सगळ्याला ऊन दाखवायचं असतं. गाद्यांना, तुरीला, लोणच्याच्या बरणीला, बाळंतिणीच्या बाळाला. ते काम आत्याचंच होतं. ज्या गावात ऊन दाखवायला ऊनच नाही, तिथल्या बाईचं कसं होत असेल, याचा तिला घोर लागला. त्यांची डाळ कशी टिकते? गोधड्यांना वास येत नाही काय? आणि म्हातारीच्या हाडांचं काय? दर पत्राला ती मला विचारायची, "म्हातारी काय म्हनते?" आजीनं काही म्हटलेलं असो-नसो, मी एखादं वाक्य जोडून द्यायचे. इथंच मला सवय लागली, असं आता वाटतं.

दसरा झाला. बोरगावच्या आमच्या नातेवाइकांच्या बागेतून गळीची संत्री आली, म्हणजे झाडाखाली पडलेली, बाजारात न जाणारी. आम्ही ती खात सुटलो. आत्या साली गोळा करत होती. दरवर्षीच करायची, दिवाळीच्या उटण्यात घालायला. पण त्या वर्षी तिनं उत्तम साली वेगळ्या काढल्या. आतलं पांढरं सुरीनं खरवडलं, बोटभर पट्ट्या केल्या, आणि अंगणातल्या खाटेवर धुतलेल्या धोतरावर मांडल्या. सकाळचं ऊन लागलं की मांडायच्या, दुपारी उलटायच्या, सावली आली की खाट ओढायची, उन्हं उतरायच्या आत घरात घ्यायच्या. एक दिवस म्हणजे एक ऊन. अशी सात उन्हं.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"म्हातारीसाठी. च्यात घालन, नाई त नुसती चावन. सात दिवसाचं ऊन हाये यात. तू लिहून दे तिले, सौंसरहून ऊन पाठवून राहिली म्हना."

मी लिहून दिलं. माझी आत्या तुझ्या आजीला थोडं ऊन पाठवते आहे, असं इंग्रजीत लिहिताना मला ते छान वाटलं होतं, अगदी पुस्तकात शोभेल असं. साली प्रत्यक्ष पाठवायची वेळ आली तेव्हा मात्र मला ते नकोसं झालं. कारण मी त्या मुलीला आमच्याबद्दल जे जे लिहीत होते, त्यातलं निम्मं सजवलेलं होतं. आमच्या घराला मी दोन मजले चढवले होते. दिवसभर राबणाऱ्या आत्याला मी 'घर सांभाळणारी' लिहिलं होतं. आणि आता त्या सुंदर पांढऱ्या घरात माझ्याकडून काय जाणार, तर संत्र्याच्या साली! ज्या आमच्या गावात गाईसुद्धा हुंगून सोडतात. वर्गातली मैत्रीण हसून हसून वाकली. "कचरा पाठवून राहिली तू फॉरेनले," ती म्हणाली. तो शब्द मला लागला.

आत्यानं साली मांजरपाटाच्या थैलीत भरून थैली शिवली. पत्ता मी लिहिला. खाली कोपऱ्यात, शाईच्या पेन्सिलीला थुंकी लावून, तिनं स्वतः एक शब्द लिहिला: ऊन. तिला लिहायला येत होतं, पण लिहायची वेळ कधी येत नसे. त्या दोन अक्षरांना तिला बराच वेळ लागला.

"माह्या हातचं इतक्या दूर कधी कुठी गेलं नाई," ती म्हणाली. "पोचलं का नाई, अन् तिले आवडलं का नाई, येवढं मले सांगजो."

तिला एवढंच हवं होतं. ते मी कधी विसरले नाही, म्हणून तर हे लिहिते आहे.

पोस्टात गर्दी होती. खिडकीवरचे बाबू जबलपूरकडचे. त्यांनी थैली उलटीसुलटी केली, कोपऱ्यातला शब्द वाचला आणि म्हणाले, "अच्छा, ऊन है। स्वेटर बनेगा?" त्यांनी थैली दाबली. साली कुरकुरल्या. "ये कैसा ऊन है भाई, पापड़ जैसा बोलता है!" मागची रांग हसली. रांगेत वर्गातल्या एका मुलाचा मोठा भाऊ होता, तोही हसला. बाबू वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं, परदेशी पार्सलला फॉर्म लागतो, आत जे आहे तेच लिहावं लागतं, बोलो क्या लिखूँ? संत्र्याच्या साली, एवढंच म्हणायचं होतं. हिंदीत तीन शब्द. मी थैली उचलली आणि "कल आती हूँ" म्हणून बाहेर पडले.

घरी आत्या विहिरीवर होती. माझ्या दप्तरात गृहविज्ञानाच्या तासाला मफलर विणायला दिलेल्या लोकरीच्या दोन लड्या होत्या, पिवळ्याजर्द. मी थैलीची शिवण उसवली, साली काढल्या, लड्या कोंबल्या, आणि त्याच भोकांतून त्याच दोऱ्यानं शिवण घातली. दुसऱ्या दिवशी बाबूंनी दाबून पाहिलं आणि फॉर्मवर लोकर लिहिली. कोपऱ्यातला शब्द तसाच होता, आता तो खोटाही नव्हता. मला हायसं वाटलं, आणि स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

साली मी माझ्या पेटीत, जुन्या वह्यांच्या खाली ठेवल्या. कचराच ना त्या? मग कचऱ्यात टाकता यायला हव्या होत्या. ते माझ्यानं झालं नाही.

शाळेत मी लोकर हरवली म्हणून सांगितलं आणि छडी खाल्ली. घरी आत्या रोज सायकलवरच्या पोस्टमनची वाट पाहायची. "गल्लीत पोचलं असन काय आता?" ती विचारायची. थंडी गेली. होळीच्या आधी एक पत्र आलं आणि एक मऊ पुडकं.

पत्रात लिहिलं होतं, पार्सल बोटीनं आलं, आजीनं धक्क्यावरच फोडलं. आतली लोकर पाहून लोक हसले. मेंढ्यांच्या गावाला कोणी लोकर पाठवतं का! मुलीलाही जरा नवल वाटलं होतं. पण आजी हसली नाही. ती म्हणाली, रंग पाहा, त्या बाईनं कबूल केलं तेच पाठवलंय. मग महिनाभर ती समोरच्या माथ्यावरचं ऊन दिसेल अशा खिडकीत बसून विणत होती. दोन जोड हातमोजे झाले, एक तिचा आणि एक आत्याचा. ऊन परत आलं त्या दिवशी ती मोजे घालून खिडकीत बसली होती.

आत्या समोर पदराला हात पुशीत उभी होती. "काय म्हनते? पोचलं काय?"

"ऊन मिळालं म्हणते," मी म्हटलं.

हिंदीत ते अगदी खरं होतं.

"अन् चव?"

"चव..." मी पत्राकडं पाहत राहिले. "आंबटगोड लागली म्हणे. फार आवडली. चहात घातली."

आत्या खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुढं कधी पाहिलं नाही, आणि तेव्हाही मी डोळे वर करून नीट पाहू शकले नाही. तिनं आईला हाक मारली, शेजारच्या काकूंना हाक मारली. आमच्या साली साता समुद्रापार च्यात पडल्या, असं तिनं चार घरी सांगितलं. कोणी म्हणालं नाही की आत्यानं मदत केली. ही एकच गोष्ट त्या घरात तिची होती, आणि ती घडलीच नव्हती.

मोजे तिनं घालून पाहिले. बोटं सगळी एकात, अंगठ्याला तेवढी वेगळी पिशवी. मार्च महिन्यात आमच्या अंगणात लोकरी मोजे घालून ती स्वतःशीच हसत होती. "तुह्या मफलरची लोकर अशीच पिवळी होती ना व?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, अशीच. "म्हंजे तिकडंही भेटते," ती म्हणाली आणि विषय संपला. पुढं ते मोजे ती चुलीवरचं तपेलं उतरवायला वापरू लागली. म्हातारीनं कामाची वस्तू पाठवली, असं तिचं म्हणणं. महिन्याभरात त्यांचे तळवे करपून तपकिरी झाले.

पुढच्या दसऱ्याला पुन्हा खाट, पुन्हा धोतर, पुन्हा सात उन्हं. या वेळी मी खरंच पाठवणार होते. मनाशी शपथ घेतली होती. पण आता सालींबद्दल त्या मुलीला काय लिहू? मग मागच्या वर्षी लोकर का आली, ते सांगावं लागणार. आजीनं त्या लोकरीला जे मानलं, त्याचं काय? आज पाठवू, उद्या पाठवू, बारावीची परीक्षा, प्रिलिम, असं करता करता बोटभर पट्ट्यांची दुसरी थैली पहिलीच्या शेजारी गेली. आत्याला सांगितलं, पाठवली.

फेब्रुवारी संपता संपता पत्र आलं. यंदा ऊन आलं, आजीनं ते पाहिलं, पिवळे मोजे घालून पाहिलं, आणि नंतर आठ दिवसांनी आजी गेली. तिला बोटीतून पलीकडच्या काठाला नेलं, तेव्हा पाणी अगदी स्थिर होतं आणि दोन्ही डोंगर त्यात उलटे दिसत होते. खाली एक ओळ होती. ती मुलगी साधेपणानं लिहून गेली असेल, तिला काय माहीत. लिहिलं होतं, थंडीभर प्रत्येक बोटीला आजी धक्क्यावर उतरत होती आणि विचारत होती, त्या बाईकडून यंदा काही आलं नाही का?

मी ते पत्र घराच्या मागं, कडब्याच्या गंजीजवळ उभी राहून वाचलं. मग घडी करून पेटीत ठेवलं. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पुढं तिची दोन पत्रं आली, त्यांनाही दिलं नाही. आत्याला सांगितलं, आजी बरी आहे, साली मिळाल्या, आवडल्या.

खोटं बोलायला पहिल्यांदा जेवढे कष्ट पडतात तेवढे नंतर पडत नाहीत. मी कॉलेजला नागपूरला गेले. तिसऱ्या वर्षी आत्यानं थैली माझ्या हातात दिली, नागपूरच्या मोठ्या पोस्टातून लवकर जाईल म्हणून. बसमध्ये ती मांडीवर घेऊन मी गेले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तशीच परत आणून पेटीत ठेवली. पेटी उघडली की वह्यांना संत्र्याचा वास यायचा. मी ती उघडेनाशी झाले.

चौथ्या दिवाळीला घरी आले, तेव्हा आत्या अंगणात खाटेशी बसली होती. धोतराच्या एका कोपऱ्यात मूठभर साली होत्या, बाकी धोतर रिकामं. तिचे गुडघे धरले होते. खाट ओढायला तिला कोणाला तरी हाक मारावी लागत होती, आणि ती हाक मारत नसे. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवसाची दुपार. मी बॅग ठेवली, तिच्याजवळ बसले.

"बरं झालं आली," ती म्हणाली. "या खेपी थोड्याच हायेत, रागावू नको म्हना तिले. माह्यानं खाली-वर होत नाई आता. तिचे गुडघे कसे हायेत, हेही विचारजो."

मी सगळं सांगून टाकलं. ठरवून नाही. मला ते पुढं ऐकवेना, म्हणून तोंडातून आलं. लोकर, फॉर्म, उसवलेली शिवण, चव, सगळं. कचरा हा शब्दही सांगितला. आणि म्हातारी गेली, हे शेवटी सांगितलं.

आत्याचे हात सालींवर होते.

"कवा गेली?"

"पावणेदोन वर्षं होतील."

"ऊन यायच्या पयले का मंग?"

"आल्यावर. आठ दिवसांनी."

तिनं मान हलवली. तेवढ्यानं तिला थोडं बरं वाटलं असावं. मग ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "अन् म्या कोनासाठी वाळवून राहिली होती मंग?"

मी रडायला लागले. तिनं मला गप्प केलं नाही. मी लहानपणी पडले-झडले की सगळ्यांत आधी धावायची ती.

"साली कुठी हायेत?" तिनं विचारलं.

मी पेटी आणली. तीन थैल्या तिच्यापुढं ठेवल्या. त्यातली पहिली कागदाची, दोरीनं बांधलेली होती, कारण तिचं मांजरपाट नॉर्वेला गेलं होतं. आत्यानं एक पट्टी काढली, मोडली, नाकाशी नेली, जिभेवर ठेवली. मग चारही वर्षांच्या साली एका सुपात घेऊन ती उठली. उठताना तिनं खाटेचा आधार घेतला. मी हात पुढं केला होता, तो तिनं घेतला नाही. संध्याकाळी खलबत्त्याचा आवाज येत राहिला. मी जाऊन म्हटलं, दे, मी कुटते. ती म्हणाली, राहू दे.

आमच्याकडं दिवाळीचं उटणं आत्या लावायची. पहाटे न्हाणीच्या दाराशी पाट, पाटाभोवती रांगोळी, बाजूला पणती. आधी वडील बसायचे. साठीला टेकलेले मास्तर उघड्या अंगानं कुडकुडत बसायचे आणि मोठी बहीण त्यांची पाठ चोळायची. मग भाऊ, मग मी. आत्याचा हात खरबरीत होता, पाठीवर फिरला की अंग लाल व्हायचं, आम्ही ओरडायचो, ती आणखी घासायची. वर्षातून एकदा तिच्या हाताखाली सगळं घर यायचं.

त्या पहाटेही वडील बसले. भाऊ बसले. उटण्याचा रंग या वेळी जरा गडद होता आणि वास चार वर्षांच्या संत्र्यांचा होता. भावानं म्हटलंसुद्धा, आत्या, यंदा काय घातलं व, मस्त वास येऊन राहिला. तिनं त्याची पाठ आणखी घासली.

मग मी पाटावर बसले. डोळे मिटले, पाठ तिच्याकडं केली आणि वाट पाहत राहिले. मनात म्हटलं, जोरानं घास. कातडं सोल माझं.

तिनं उटण्याची वाटी माझ्या समोर, रांगोळीच्या आत ठेवली.

"घे," ती म्हणाली. "तुह्या हातानं लाव."

त्या आवाजात राग नव्हता. पुढंही ती माझ्याशी नीट बोलायची, डबा भरून द्यायची, नागपूरची बस सुटेपर्यंत उभी राहायची. फक्त साली तिनं पुन्हा कधी वाळवल्या नाहीत, आणि त्या गल्लीचं नाव काढलं नाही.

मी दोन्ही हातांना उटणं लावलं. मानेला लावलं, पायांना लावलं, म्हातारीचं ऊन मीच अंगाला चोळत बसले. मग पाठीमागं हात नेला. वरून नेला, खालून नेला. मधल्या पाठीपर्यंत तो पोचेना. आत्या दारात उभी राहून पाहत होती. ती थोडी थांबली. मग वाकून तिनं पणतीत तेल घातलं आणि आत निघून गेली.